अडीचशेचा मल्टिमीटर, गाडीसाठी वापरून: पावसाळ्याआधीपासून आत्तापर्यंत

हा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा हातात मावणारा डबा, मी हौसेने घेतलेला नाही, रागाने घेतलाय. मे महिन्यात मोटरसायकलने सकाळी सेल्फ घेणं बंद केलं. बटण दाबलं की सीटखाली नुसती टिक्-टिक्, डिस्प्लेचे दिवे मंद. माझ्या मॉडेलला किक नाही, त्यामुळे ढकलत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने सीटसुद्धा न उघडता निकाल दिला, "सर, बॅटरी गेली." व्होल्ट किती दाखवतेय विचारलं, तर म्हणे आवाजावरूनच कळतं. आवाजावरून तेराशे-चौदाशे रुपये काढून द्यायचे? गाडी आली तशी ढकलत परत नेली आणि वाटेत इलेक्ट्रिकच्या दुकानातून हा पिवळा डबा उचलला. घासाघीस करून अडीचशे.

गाडीसाठी याच्या गोल खटक्यावरचं एकच घर लागतं, डीसी २० व्होल्ट. बाकीच्या आकड्यांकडे बघूही नका. काळी वायर 'COM' लिहिलेल्या भोकात, लाल व्होल्टच्या भोकात. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट होतो, आणि या स्वस्तातल्या डब्यात त्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो. सोबतच्या कागदावर हे लिहिलंय म्हणतात, पण तो कागद चष्मा लावूनही वाचता येत नाही.

तर त्या दिवशी बॅटरीने दाखवले १२.५. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ दाखवते, म्हणजे हिला काही झालेलं नव्हतं. मुलीला सेल्फ दाबायला लावला, तरी आकडा १२.३. दम संपलेली बॅटरी सेल्फ दाबल्यावर दहाच्या खाली कोसळते, ही तर हललीच नाही. म्हणजे करंट सेल्फपर्यंत पुरेसा पोचतच नव्हता. मग लाल टोक बॅटरीच्या शिशावर आणि काळं टोक त्याच टर्मिनलला बसवलेल्या वायरीच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, टेकवलं. दोन्हीत अंतर नखाएवढं. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. सेल्फ दाबल्यावर आले तीन व्होल्टच्या वर! म्हणजे करंट या सांध्यातच अडत होता. बोल्ट वरून घट्ट होता, पण काढल्यावर थिंबलच्या खाली पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड. आमच्याकडे रत्नागिरीत खाऱ्या हवेने दाराच्या कड्या गंजतात, तिथे थिंबलचं काय घेऊन बसलात. आधी निगेटिव्ह काढली, मग पॉझिटिव्ह. सोड्याच्या पाण्याने पुसून, पॉलिश पेपर मारून, व्हॅसलीन लावून परत बसवली. पहिल्या बटणाला गाडी सुरू. बॅटरी अजून तीच आहे.

त्या दिवशी मी याला दहापैकी दहा दिले होते. आता सहा.

कारण, हा आपोआप बंद होत नाही. खटका फिरवून बंद करायला विसरलात की रात्रभर जागा. आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ती काही फुकट येत नाही. अडीचशेच्या वस्तूला दर दोन महिन्यांनी नवी बॅटरी पाजायची हा कुठला हिशोब? मीटरच्या किमतीएवढ्या बॅटऱ्या मी घालून बसलोय. आपोआप बंद होणं साध्या कॅल्क्युलेटरलाही जमतं. बनवणाऱ्याचे यात असे किती पैसे वाचले असतील?

एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण आतली बॅटरी उतरली की हा गप्प बसत नाही, खोटं बोलतो, आणि तेही चढवून. दिवाळीच्या सुमारास गाडी चालू ठेवून मोजलं तर १६ व्होल्ट. रेस केल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. सोळा म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरणारं आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं, बॅटरी उकळणार. नाक्यावरच्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी आपल्या मीटरने बघितलं, १४.२. हसले नाहीत एवढंच. आता मोजण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाचा नवा सेल याला दाखवतो. दीडच्या आसपास आला तर ठीक, पावणेदोन दाखवायला लागला की मीटरच आजारी.

आणि प्रत्येक वेळी मल्टिमीटर काढायचीही गरज नसते. हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच कोणीतरी खेळताना दाबलाय का, साइड स्टँड वर आहे का (त्याच्या स्विचमध्ये चिखल बसला की गिअर टाकताच गाडी बंद), टाकीत खरोखर पेट्रोल आहे का, हे आधी. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाची घूं ऐकू येते. नाही आली तर सीटखालचा फ्यूज काढून उजेडात धरा, आतली तार तुटलीय का बघा. शेजारीच स्पेअर असतो. गावातल्या गावात चालणाऱ्यांनी बॅटरी महिन्यातून एकदा मोजावी. २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट कायम चालू राहतो, त्यात बाजारापर्यंत जाऊन येण्यात चार्जिंग ते किती होणार?

फायदा एक मात्र कबूल. फोनवर "काका, गाडी चालू होत नाही" म्हटलं की उत्तर येतं, "घेऊन या, बघू." "उभी असताना साडेबारा, सेल्फ मारल्यावर साडेआठ, टर्मिनल साफ केलेत" म्हटलं की काका तिथल्या तिथे सांगतात काय आणायचं. शेजाऱ्यांच्या स्कूटरचं असंच झालं. त्यांची बॅटरी खरंच गेली होती, आणि दुकानातून नवी घेऊनच आम्ही गेलो. मेकॅनिकने बसवायचे पैसेही घेतले नाहीत.

घ्यायचा असेल तर सहाशे-सातशेचा, आपोआप बंद होणारा घ्या. वायरी बघून घ्या, माझ्या लाल वायरीचं टोक मुळाशी तुटलंय, चिकटपट्टीवर चाललंय. मी नवा घेणार नाही, हा आहे तोवर वापरणार. नऊ व्होल्टची बॅटरी काम झालं की काढूनच ठेवतो. त्यासाठी दर वेळी मागचे दोन स्क्रू खोलावे लागत, त्यातल्या एकाचे आटे गेले. सध्या झाकणाला रबर बँड आहे.