बार्लीचा चोथा की बोंडूंचा?

बाजारच्या खाद्याचं पोतं परवडेनासं झालं की गोव्यातल्या गोठेवाल्यासमोर दोन चोथे येतात. एक बिअरच्या कारखान्यातून निघणारी उकडलेली बार्ली, दुसरा काजूच्या भाटीवर, म्हणजे फेणी गाळतात तिथे, नीरो (दाबून काढलेला रस) काढून उरलेला बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा चोथा. पाच ते दहा दुभती गुरं असलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

खुराक म्हणून बार्ली सरस, यात वाद नाही. सुक्या वजनावर तिच्यात २२ ते २८ टक्के प्रथिनं असतात आणि त्यातली बरीचशी पहिल्या पोटात न फुटता पुढे जातात, म्हणून दुधाला लागू पडतात. गुरं आवडीने खातात. दोन किलोपासून सुरुवात करून गाईमागे रोज आठ-दहा किलोंपर्यंत जावं. तिच्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, तेव्हा खनिज मिश्रण चुकवू नये. भाव मात्र सुक्या मालावर काढावा: शंभर किलोंत पंच्याहत्तर-ऐंशी किलो पाणीच असतं. पाच रुपये किलोने घेतलीत तर सुका माल वीस-पंचवीस रुपयांना पडला, वाहतूक वेगळी.

बार्लीचं घोडं अडतं ते टिकण्यावर. गाडी आली की माल टनाच्या हिशेबात उतरतो आणि सहा गाई दिवसाला जेमतेम साठ किलो खातात. आपल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर आत गरम लागतं, खालून आंबट पाणी झिरपतं, त्यावर माशा बसतात. तिसऱ्या दिवशी वर करडी-पांढरी बुरशी धरते. वरचा थर खरवडून खालचं घालावं असा मोह होतो, पण बुरशीचं विष थराखालीही उतरलेलं असतं. ॲस्परजिलस क्लॅव्हेटस नावाची बुरशी अशाच मालावर वाढते आणि गुरांचे मागचे पाय लटपटायला लागतात. यावर इलाज आहे: शंभर किलोंत दहा-पंधरा किलो सुका कोंडा मिसळायचा, पिंपात तुडवून हवा काढायची, प्लास्टिक घालून झाकण घट्ट बसवायचं आणि तीन आठवड्यांनी उघडायचं. उघडलेलं पिंप मात्र दोन-तीन दिवसांत संपलंच पाहिजे. माणूसबळ असेल त्याला हे जमतं. घरचीच दोन माणसं राबत असतील, तर पावसाळ्यात हा व्याप अंगावर येतो.

बोंडूंचा चोथा प्रथिनांत मागे, सुका धरून साधारण आठ-दहा टक्के. पण तो एप्रिल-मेच्या उन्हात वाळतो आणि वर्षभराचा साठा होतो. माझा कल त्यामुळे इकडे आहे. रात्रभर दगडाखाली दाबून नीरो काढलेला चोथा उचलावा. यंत्रात ठेचलेला फार ओला असतो. सकाळीच आणावा, संध्याकाळपर्यंत तो आंबतो आणि असा आंबलेला चोथा पोटभर खाल्ला की गाय सुस्तावते, शेण पातळ होतं. पसरताना राहिलेल्या काजूबिया हाताने वेचाव्यात, टरफलातलं तेल गुराचं तोंड भाजतं. ताडपत्रीवर बोटभर जाडीचा थर द्यावा, दिवसातून दोनदा उलटावा, दव पडण्याआधी गोळा करून झाकावा. कडक ऊन असेल तर तीन दिवस पुरतात. मुठीत आवळून सोडल्यावर गोळा न राहता सुटला, की वाळला समजावं. आत प्लास्टिक असलेल्या गोणीत भरून, फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावा.

तुरटपणामुळे पहिल्या दिवसांत गुरं तोंड फिरवतात आणि हाच तुरटपणा प्रथिनंही बांधून ठेवतो, म्हणून आंबोणात पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. शंभर किलो मिश्रणाला सुका चोथा २०, खोबऱ्याची पेंड ३५, शेंगदाण्याची पेंड १५, मका १५, कोंडा १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. प्रथिनं अठरा टक्क्यांच्या आसपास बसतात. पेंड ताजीच घ्यावी. पावसात तिला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं, आणि दुधासाठी मर्यादा किलोला अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

गुरं वीसच्या वर असतील, कारखाना तासाभराच्या अंतरावर असेल आणि दर दोन दिवसांनी गाडी येणार असेल, तर बार्लीच घ्यावी. बाकीच्यांनी मार्चच्या सुरुवातीलाच जवळच्या भाटीवाल्याशी बोलून ठेवावं. हंगाम भरात आला की चोथा डुकरांसाठी नेणारेही रांगेत असतात.