जुन्या खाणीचा ढिगारा: पॅन की स्लूस?

जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यातून सोनं काढायला पॅन (माल पाण्यात हलवून धुवायची उथळ थाळी) की स्लूस (वाहत्या पाण्यात ठेवायची उतरती पन्हळ), यात अडला असाल तर आधी पॅन. खर्च किरकोळ, टबभर पाणी पुरतं आणि ढिगाऱ्यात सोनं नेमकं कुठे आहे ते कळतं. मात्र कंबर लवकर बोलू लागते.

स्लूस बादल्यांनी माल घेतो, पण वाहतं पाणी हवं आणि उतार फुटाला साधारण एक इंच. उतार कमी पडला की रिफल (सोनं अडवणाऱ्या तळाच्या आडव्या पट्ट्या) जड काळ्या वाळूने बुजतात, जास्त झाला की बारीक सोनं वाहून जातं. माल अर्धा इंची जाळीतून चाळूनच टाका. शेवटी जमलेला गाळ पॅनमध्येच धुवायचा, हे विक्रेते सांगत नाहीत!

दळलेल्या खनिजाचं पिठासारखं सोनं पाण्यावर तरंगू शकतं. ते बुडावं म्हणून पॅनमध्ये भांड्यांच्या साबणाचा थेंब टाका. सोन्याचे कण चंदेरी दिसले तर त्यांना पारा चिकटलाय असं समजा, तापवू नका.

चाचपणीला, कमी पाण्याला पॅन; जागा पक्की आणि ओढा जवळ असेल तर स्लूस.