"काकू, संध्याकाळीच श्रिंप सोडून देतो": मनीषनगरातली टाकी उपसली तेव्हा

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका घरी मार्चमध्ये दोन फुटांची प्लांटेड टाकी, म्हणजे आत पाणझाडं लावलेलं काचेचं ॲक्वेरियम, बसली. एकवीस हजार रुपये, सगळे यूपीआयने, बिल नाही. विक्रेत्याने वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब असा: टाकी आणि स्टँड, इम्पोर्टेड सॉइल एक बॅग, ३६ वॅटचा लाइट, सीओटू सेट (झाडांना कार्बन डायऑक्साइड देणारा), पाच प्रकारची झाडं, तळावर हिरवळ उगवणाऱ्या 'कार्पेट'च्या बिया, ३० चेरी श्रिंप (शोभेचे लहान लाल झिंगे). "दादा, पाणी आज भरलं आणि जीवही आजच सोडायचे?" असं काकूंनी विचारलं होतं. "बॅक्टेरियाची बाटली टाकली ना काकू, काही टेन्शन घेऊ नका," असं उत्तर विक्रेत्याकडून मिळालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा श्रिंप मेलेले होते. दहाव्या दिवशी लाल असा एकही उरला नाही. मग इन्फेक्शन झालंय म्हणून त्याने निळं औषध विकलं, मग नवे वीस श्रिंप, मग पुन्हा तेच औषध. मे उजाडेपर्यंत आणखी साडेपाच हजार गेले. श्रिंप मरणार हे टाकी बसवली त्या दिवशीच ठरलेलं होतं आणि प्रत्येक मरणावर पुढची विक्री होत होती. म्हणून टाकी उपसताना काय काय निघालं ते सविस्तर लिहितो आहोत. शहरात कुठेही असा 'रेडी सेट' कुणी गळ्यात मारत असेल तर ओळखता यावा.

सुरुवात मातीपासून. वर दोन इंच काळी खडी, खाली नर्सरीत मिळते ती कुंडीची माती आणि गांडूळखत. मूठभर खडी स्टीलच्या वाटीत गरम पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी पाणी शाईसारखं काळं. खरं ॲक्वासॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे बारीक गोळे. ते बोटांत जोर देऊन दाबले की चुरा होतो, आणि पाण्याचा केएच (पीएच टिकवून धरणारे कार्बोनेट क्षार) व पीएच (आम्लता मोजणारा आकडा) ते खाली ओढतं. रंगवलेली खडी यातलं काहीच करत नाही. सॉइल सीलबंद पिशवीत, लिटरच्या मापाने विकतात; सुटं किलोवर देत असेल तर घेऊ नका. मापही सोपं आहे: ६० बाय ३० सेंटिमीटरच्या तळावर ५ सेंटिमीटर थर द्यायला बरोबर ९ लिटर लागतं. 'एक बॅग' या शब्दाला काही अर्थ नाही. सजावटीचे पांढरे दगड दिले असतील तर त्यांच्यावर लिंबू पिळा. फेस आला तर चुनखडी किंवा संगमरवर आहे, तो पाण्याचा जडपणा वाढवतच राहील.

आता श्रिंप नेमके कशाने मेले ते. खतातून अमोनिया सुटत होता, चाचणीत २ पीपीएम आला. भरलेलं पाणी बोअरिंगचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ८७०, पीएच ८.२, आणि मार्चअखेरच पाणी ३० अंशांवर. यातल्या अमोनिया, पीएच आणि तापमान या तिन्हींचा मेळ जीवघेणा आहे. अमोनियाचा विषारी भाग पीएच आणि तापमानाबरोबर वाढतो: ३० अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या शंभर भागांत एकही भाग पूर्ण विषारी नसतो, पीएच ८.२ झाला की तोच सुमारे अकरा भागांवर जातो. म्हणून "माझ्याकडे याच पद्धतीने जगतात" असं कुणी म्हणालं तर आधी त्याच्या पाण्याचा पीएच विचारा.

अस्सल सॉइलही पहिले काही आठवडे अमोनिया सोडतं. त्यामुळे माल खरा असला तरी त्याच दिवशी श्रिंप सोडणं चूकच. फिल्टरमध्ये वाढणारे बॅक्टेरिया अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते तयार होईपर्यंत थांबायचं. फिल्टर अखंड चालू ठेवून दर दोन दिवसांनी चाचणी करायची. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि उतरतं, शेवटी नायट्रेट दिसू लागतं. याला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या बॅक्टेरियाने थोडी मदत होत असेल, पण चाचणी टळत नाही. ओळखीच्या कुणाच्या निरोगी जुन्या टाकीतला स्पंज आपल्या फिल्टरला जोडला तर त्याहून जास्त फायदा होतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य आले की अर्धं पाणी बदला आणि आधी फक्त दहा श्रिंप सोडा. ड्रॉपचं चाचणी किट महाग वाटतं, पण इथे दोनदा आणलेल्या श्रिंपच्या पैशांत ते सहज आलं असतं.

निळ्या औषधाबद्दल फार राग आहे. बाटलीवर लेबल नव्हतं. कॉपरच्या किटवर टाकीचं पाणी तपासलं तर रंग लगेच चढला. म्हणजे मोरचूद किंवा त्याच जातीचं काहीतरी. माशांच्या परजीवींवर आणि गोगलगायी मारायला तांब्याची औषधं वापरतात. श्रिंपसाठी तेच तांबं विष आहे. दुसऱ्या खेपेचे वीस श्रिंप त्यानेच गेले असणार. तांबं खडीत आणि मातीत मुरतं, नुसतं पाणी बदलून जात नाही, म्हणून इथला सगळा थर फेकावा लागला. श्रिंपच्या टाकीत कुठलंही औषध घालण्याआधी त्यात कॉपर नाही हे लेबलवर वाचता आलं पाहिजे. लेबलच नसेल तर झाकणसुद्धा उघडू नका.

श्रिंपही सगळे चेरी नव्हतेच. सात जण जिवंत उरले होते, अंगाने पारदर्शक, चारेक सेंटिमीटरचे. जवळून पाहिलं तर पायांची दुसरी जोडी लांब आणि पुढे चिमटा. हे नदीतले झिंगे. चेरी फार तर तीन सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याचे चिमटे इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना धड दिसत नाहीत. लांब चिमट्यांचा झिंगा मोठा झाला की लहान श्रिंप खातो. शिवाय सगळ्या रंगांचे चेरी एकत्र 'रेनबो मिक्स' म्हणून विकतात. ते आपसांत वीण करतात आणि पुढच्या पिढ्या मातकट तपकिरी निघतात. एका टाकीत एकच रंग घ्या.

झाडांत लकी बांबू, सिंगोनियम आणि जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस होतं. तिन्ही बागेतली, पाण्याखाली महिना-दोन महिन्यांत कुजणारी. साधारण खूण अशी की पाण्यात वाढलेलं झाड बाहेर काढलं की लोळागोळा होतं, जमिनीचं झाड ताठ उभं राहतं. अनुबियास मात्र ताठच असतं आणि ते पाण्यात चांगलं जगतं, म्हणून नाव विचारून मगच घ्या. कार्पेटच्या बिया तर सरळ सोडूनच द्या. चार दिवसांत हिरवा गालिचा येतो, फोटो सुंदर निघतो, आणि काही आठवड्यांत तो सडून पुन्हा अमोनिया वाढवतो. नर्सरीच्या झाडांवर कीटकनाशक असण्याचा धोका वेगळाच.

लाइटवर ३६ वॅट लिहिलेलं, प्लगमध्ये लावायच्या मीटरवर ११ दिसले. सीओटूचा सिलिंडर म्हणजे जुनं अग्निशामक नळकांडं, वरून नवा रंग. अशा सिलिंडरच्या गळ्यापाशी चाचणीचा महिना-वर्ष ठोकलेला असतो. रंगाखाली तो दिसत नसेल तर ती वस्तू घरात ठेवू नका. गॅस आपोआप बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइडही नव्हता, म्हणजे झाडं गॅस घेत नाहीत अशा रात्रीही गॅस चालूच. जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन यांना सीओटू लागतच नाही. चेरीच्या पहिल्या टाकीत हा खर्च करूच नये. फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड मातीत पुरू नका, दोऱ्याने लाकडाला बांधा. दिवे सहा ते आठ तास पुरेत.

नव्याने भरताना बोअरिंग बंद केलं. आता नळाचं पाणी क्लोरीन काढून वापरतात आणि टीडीएस २०० ते २५० वर आणायला त्यात आरओचं मिसळतात. जीएच, म्हणजे पाण्याचा कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा, ६ च्या वर हवा, नाहीतर कात टाकताना श्रिंप अडकतात. फिल्टर स्पंजचा, कारण उघड्या तोंडाचा पंप पिल्लं ओढून घेतो. नवे श्रिंप बारीक नळीने थेंब थेंब पाणी देत दीड-दोन तासांनी सोडायचे. खाणं अगदी थोडं; कॉलनीतल्या देशी बदामाचं गळून वाळलेलं पान धुऊन टाकलं तरी ते आठवडाभर त्यावर चरतात.

नागपूरचा उन्हाळा हा विक्रेत्याने साफ लपवलेला भाग. चेरीला २८ अंशांपर्यंत बरं असतं, मेअखेरच्या नवतप्यात खोलीतलं पाणी ३२ ओलांडतं. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला लहान पंखा दोन ते चार अंश उतरवतो, कारण आपली हवा कोरडी असते. पण खोली बंद करून कूलर लावला की हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम घटतो, तेव्हा खिडकी किलकिली ठेवा. उडालेलं पाणी रोज आरओनेच भरा. नळाचं भरत गेलात तर क्षार साठतात. क्रिस्टल रेड किंवा बी श्रिंपला २० ते २४ अंश लागतात. चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) ते नागपुरात विकणारा माणूस तुम्हाला मे महिन्यातलं मरणच विकतो आहे. डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूर फवारणी आली की खिडक्या लावा, हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा आणि टाकी झाका. डासांचे स्प्रे आणि कॉइलही त्या खोलीत नकोत.

पैशांबाबत: वस्तूगणिक बिल मागा, त्यावर सॉइल किती लिटर, लाइट किती वॅट, श्रिंप कोणत्या जातीचे हे लिहून घ्या. पार्सलने मागवले तर पिशवी उघडतानाचं व्हिडिओ सलग घ्या. काकूंकडे फक्त वहीचं पान, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश होते. तेवढ्यावरही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. ऑनलाइन पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर १९३० वर लगेच फोन करा.

उरलेले सात झिंगे सध्या झाकण लावलेल्या वेगळ्या टबात आहेत. अंबाझरी किंवा फुटाळा तलावात सोडायचे नाहीत, टाकीतून काढलेलं काहीच तलावात किंवा नाल्यात जाऊ देऊ नये. नव्या टाकीत आज अमोनिया शून्य आहे, नायट्राइट अजून ०.५ वर आहे. श्रिंप ते उतरल्यावर येतील.