‘स्पर्धेची रायफल, वर दुर्बीण फुकट’ : या सौद्यात नेमकं काय गायब होतं

दहा मीटर एअर रायफलच्या खरेदीत सध्या एक ठरलेला डाव चालतो. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘स्पर्धेची रायफल, ३-९x४० स्कोप फुकट’ (स्कोप म्हणजे रायफलवरची दुर्बीण; ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिमीची). घेणाऱ्याला वाटतं, दुर्बीण म्हणजे वरचा माल पदरात पडला. प्रत्यक्षात त्या दुर्बिणीच्या आडून रायफलचा एक महागडा सुटा भाग काढून घेतलेला असतो.

नुकतंच असं एक प्रकरण रेंजवर आलं. नववीतल्या मुलीसाठी वडिलांनी सेकंड हँड पीसीपी (दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी) रायफल घेतली. जाहिरातीतल्या फोटोत मागे गोल चकतीची, बारीक भोकातून नेम धरायची पीप साइट होती, नळीच्या टोकाला टनेल, म्हणजे पुढच्या साइटचं गोल नळकांडं होतं. पैसे पोचल्यावर विकणाऱ्याचा फोन आला : “साहेब, त्या लोखंडी साइट आता कोण वापरतं? दुर्बीण बसवून पाठवतो, ताईंना टार्गेट जवळ दिसेल. वेगळे पैसे नकोत.” रायफल आली तेव्हा मागची साइट नव्हती, पुढचं टनेल नव्हतं, टनेलमधल्या इन्सर्टची (बदलता येणाऱ्या नेमाच्या रिंगांची) डबीही नव्हती. शालेय स्पर्धेत सामान तपासणीच्या टेबलावरूनच मुलीला परत पाठवलं. तोवर साइटचा संच दुसऱ्या गिऱ्हाइकाला वेगळा विकून झाला होता. जर्मन बनावटीची चांगली पीप साइट नवी घ्यायची तर किंमत हजारात नाही, दहा हजारांच्या पटीत जाते. दुर्बीण मात्र कुठल्याही ऑनलाइन दुकानात दोन-तीन हजारांना मिळणारी होती.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलवर दुर्बीण चालत नाही. मागच्या साइटवर नंबरची एक काच आणि रंगीत फिल्टर लावता येतो, बस्स. शालेय स्पर्धांत ‘ओपन साइट’ (मागे खाच, पुढे टोकावर माशी) आणि ‘पीप साइट’ असे दोन गट असतात. दुर्बिणीचा गट नसतो. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, तेही पीप साइटवर. गंमत म्हणजे हेच विक्रेते जाहिरातीत ऑलिंपिकवीरांचे फोटो लावतात, आणि त्या फोटोत खेळाडूच्या डोळ्यापुढे दुर्बीण नसतेच.

“नियम राहू दे, सरावाला तरी चालेल ना?” असं पालक विचारतात. दहा मीटरवर तेही अवघड आहे, आणि कारण भिंगाच्या गणितात आहे. साधा ३-९x४० स्कोप कारखान्यात साधारण शंभर यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेला असतो. त्या अंतरावर क्रॉस (दुर्बिणीतली नेमाची फुली) आणि लक्ष्याची प्रतिमा एकाच पातळीवर येतात. लक्ष्य दहा मीटरवर आणलं की पातळ्या सुटतात आणि डोळा जरा सरकला की क्रॉसही लक्ष्यावरून सरकतो. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. पुढच्या काचेची त्रिज्या २० मिमी धरा, तिला ८१ ने गुणा, ९१ ने भागा : जास्तीत जास्त चूक जवळपास १८ मिमी. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा असतो आणि अख्खा काळा गोल ३०.५ मिमीचा. गाल बटवर रोज तसूभर इकडेतिकडे टेकतो. तेवढ्यात छर्रा दहावरून सहा-सातवर जातो आणि मुलाला वाटतं आपला ट्रिगर वाईट आहे.

तपासणी सोपी आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, क्रॉस ठिपक्यावर आणा, रायफलला हात न लावता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉस जागचा हलला तर तो स्कोप दहा मीटरचा नाही. दहा यार्डांपासून फोकस होणारा, पुढच्या काचेवर किंवा बाजूला फिरणारी कडी असलेला स्कोप वेगळा येतो, आणि तो या किमतीत येत नाही.

पीप साइट हीच अडचण उलट्या वाटेने सोडवते. मागचं भोक साधारण १ ते १.३ मिमीचं असतं. एवढ्या बारीक भोकातून पाहिलं की पुढची रिंग आणि टार्गेट दोन्ही पुरेशी स्पष्ट दिसतात आणि डोळा आपोआप मध्यावर येतो. पुढच्या रिंगमध्ये काळा गोल बसवायचा, भोवती पांढरी कडा सगळीकडे सारखी राखायची. नवशिक्याला ३.८ ते ४.५ मिमीच्या दरम्यानचं इन्सर्ट द्यावं; फार घट्ट रिंग घेतली तर कडा दिसत नाही आणि मूल निशाणा धरून ताटकळत राहतं. ओपन साइटच्या खाचेत मात्र खाच, माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर डोळ्याची ओढाताण होते. चाळिशीनंतरच्या वडिलांना खाच धूसर दिसते, आणि “ओपन साइट बेकार, दुर्बीणच घ्या” हा सल्ला ते विक्रेत्याच्या तोंडून चटकन मान्य करतात. नेम धरायचाय तेरा वर्षांच्या डोळ्याने, हे त्या घाईत विसरलं जातं.

स्प्रिंगच्या, नळी मोडून भरायच्या रायफलवर फसवणुकीचा प्रकार वेगळा. तिथे धक्का दोन बाजूंनी बसतो : पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते, पिस्टन थांबला की पुढे उसळते. बंदुकीसाठी केलेले साधे स्कोप मागच्या धक्क्यासाठी असतात. या उलट्या झटक्याने स्कोपच्या आतली नळी धरून ठेवणारी स्प्रिंग ढिली होते किंवा क्रॉस तिरका होतो. त्यातच स्कोप धरणाऱ्या दोन सुट्या रिंगा ११ मिमीच्या डोव्हटेलवरून (रायफलवरच्या खोबणीवरून) मागे घसरत जातात. नेम रोज बदलतो, आणि विक्रेता सांगतो, “रायफलच डावी मारते, नवा माउंट घ्या.” माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरणारी पकड, एकसंध असावा, खाली अडवणारी पिन असावी आणि रायफलवर त्या पिनेसाठी भोक असावं. २० मिमी पट्टीच्या रिंगा अ‍ॅडॅप्टर लावून ११ मिमीवर बसवलेल्या दिसल्या तर सौदा तिथेच थांबवा.

मोडून भरायच्या रायफलची नळी बऱ्याचदा टोकाला किंचित झुकलेली असते. ओपन साइट नळीवरच असल्याने ते कळत नाही. स्कोप मागच्या भागावर बसतो म्हणून छर्रे खाली जातात. मग वर-खालीचा टरेट (स्कोपवरचा नेम सरकवायचा स्क्रू) शेवटपर्यंत पिळला जातो आणि तिथे स्प्रिंगचा दाब उरत नाही. उपाय फुकटातला आहे : मागच्या रिंगखाली पातळ पट्टी. दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमीची पट्टी दहा मीटरवर छर्रा १० मिमी वर नेते. यासाठी कुणी महागडा ‘अ‍ॅडजस्टेबल माउंट’ गळ्यात मारत असेल तर समजून घ्या.

स्कोप खरा की फक्त छापील आकड्यांचा, हे कळायला दोन चाचण्या पुरतात. पहिली उजेडाची. ९x वर ठेवून दोन-तीन हात अंतरावरून मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या बाजूने सरळ आत पाडा आणि पुढच्या काचेवर बटर पेपर धरून उजेडाचं वर्तुळ मोजा. ४० मिमीच्या जागी २५ मिमी भरलं तर आत अडसर टाकून काच नावापुरती मोठी ठेवली आहे. दुसरी चाचणी चौकोनाची. टरेटचा पाव मिनिटाचा (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक दहा मीटरवर ०.७३ मिमी सरकवतो. पाच छर्ऱ्यांचा गट मारा, नंतर ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर गट. बाजू साधारण २९ मिमीची यायला हवी आणि शेवटचा गट पहिल्यावर पडायला हवा. ‘कारखान्यातूनच झिरो करून दिलंय’ हे वाक्य ऐकलं तर हसावं. झिरो (नेम आणि छर्रा एकाच जागी जुळवणं) त्या रायफलचा, त्या छर्ऱ्याचा आणि त्या डोळ्याचा असतो.

अशा रायफलीत बहुधा आणखी एक खोट असते : हवेचं सिलिंडर. त्यावर तारीख कोरलेली असते. स्पर्धेत दहा वर्षांच्या आतलंच चालतं, आणि २०० बार दाबाच्या सिलिंडरच्या बाबतीत तो नुसता कागदी नियम नाही. फोटो मागताना तारखेचा जवळून फोटो मागा.

बिलात काय लिहून घ्यायचं : रायफलचा नंबर, मागच्या साइटची कंपनी आणि मॉडेल, टनेल, इन्सर्टची संख्या, सिलिंडरची तारीख. ‘साइटसह’ एवढाच शब्द लिहू देऊ नका. दुर्बीणही साइटच आहे असा युक्तिवाद या प्रकरणात झालाच. खोकं फोडतानाचा सलग व्हिडिओ ठेवा. मुलीसाठी आता सुटी पीप साइट घेणं सुरू आहे, तर त्यातही मेख आहे : डोव्हटेलवर बसली म्हणजे जुळली असं नाही. मागची आणि पुढची साइट नळीपासून सारख्या उंचीच्या हव्यात, नाहीतर बुटक्या साइटखाली उंची वाढवणारा ठोकळा घ्यावा लागतो. दहा क्लिक वर आणि दहा खाली फिरवून गट मूळ जागी येतो का तेही पाहा. झिजलेल्या स्क्रूचा ढिलेपणा तिथेच उघडा पडतो.

दुकानदाराने फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. खासगी माणसाकडून एकदाच घेतलेली वस्तू सहसा तिथे चालत नाही. त्यासाठी पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार द्यावी लागते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा, जाहिरातीचा मूळ फोटो जपून ठेवा आणि त्यावर पीप साइट ठळक दिसेल असं छापून तक्रारीला जोडा.