इंजिनिअरिंग जमेल का, अशी शंका असेल तर डिप्लोमा की अकरावी-बारावी?

वर्षांचा हिशेब आधी मिटवू. दहावीनंतर अकरावी-बारावी आणि चार वर्षांची डिग्री म्हणजे सहा वर्षं. तीन वर्षांचा डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलात, तरी सहाच. फरक पडतो तो शंकेचं उत्तर कधी मिळतं यात.

डिप्लोमात ते लवकर मिळतं. पहिल्याच वर्षी वर्कशॉपमध्ये हातात कानस येते आणि लोखंडाचा तुकडा काटकोनात येईपर्यंत घासावा लागतो. ड्रॉइंगच्या शीटवर एकच वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसेल ते काढावं लागतं. शीट चुकली की पुन्हा काढताना कंटाळा येतो की कुठे चुकलं ते शोधावंसं वाटतं, याकडे लक्ष ठेवा. माझ्या मते दहावीच्या टक्क्यांपेक्षा ही खूण जास्त खरी आहे. प्रवेशही दहावीच्या गुणांवर होतो, सीईटी म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा नाही.

अकरावी-बारावीत इंजिनिअरिंग असं भेटतच नाही. भेटतात फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित. डिग्रीच्या प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीच्या २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे असतात, त्यामुळे गणिताशी आपलं किती जमतं ते स्वच्छ कळतं. शिवाय वाटा उघड्या राहतात: बीएस्सी, आर्किटेक्चर, फार्मसी. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. उलट, डिप्लोमाचं एक वर्ष करून अकरावीत परतलात तर ते वर्ष गेलंच.

आता गणिताची भीती. 'गणित कच्चं आहे, डिप्लोमाला टाका' हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो मला घातक वाटतो. डिप्लोमातही गणित आहेच. पुढे डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांसमोर बहुतेक शाखांत एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, उभं राहतं, तेही एम-वन, एम-टू न करता. लाप्लास ट्रान्सफॉर्मसारखं अवघड गणित तिथे समोर येतं आणि हुशार मुलांनाही केटी लागते, म्हणजे विषय राहतो. गणित टाळायला डिप्लोमा घेऊ नका.

डिग्री नकोशी वाटली तरी डिप्लोमा वाया जात नाही. सिव्हिलच्या डिप्लोमावर सरकारी खात्यांतल्या कनिष्ठ अभियंता पदाची परीक्षा देता येते. आयआयटी मनात असेल तर मात्र अकरावीच घ्या. तिथे डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला घेत नाहीत.

यंत्र उघडून बघायची ओढ आहे, पण ती टिकेल का हे कळत नाही, अशा मुला-मुलींना मी डिप्लोमाच सांगेन. ओढ कशाचीच नाही, फक्त सगळे म्हणतात म्हणून इंजिनिअरिंग, तर अकरावी सायन्स घ्या आणि दोन वर्षं विचाराला ठेवा.

दोन्ही प्रवेशप्रक्रिया वेगळ्या आहेत, म्हणून दोन्ही अर्ज भरून ठेवा. मधल्या दिवसांत जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात जा, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांच्या शीट आणि जर्नल दाखवायला सांगा, आणि अकरावीच्या गणिताच्या पुस्तकातला त्रिकोणमितीचा धडा क्लासशिवाय स्वतः सोडवून बघा.