परदेशात प्रापंचिक मिशनरी: एक-दोन वर्षं, साडेतीन वर्षं की स्वतःच्या बळावर?

धर्मगुरू किंवा सिस्टर होण्याची हाक नाही, पण परदेशातल्या गोरगरिबांमध्ये राहून त्यांच्यासाठी काम करावं असं आतून वाटतं, असे कॅथलिक बरेच असतात. त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेचं, म्हणजे चर्चचं, दार उघडं आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये प्रापंचिकांच्या (धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांच्या) प्रेषितकार्यावर, म्हणजे ख्रिस्ताचं काम पुढे नेण्यावर, स्वतंत्र आदेश काढला. चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे १९८३च्या धर्मसंहितेतलं ७८४वं कलम तर प्रापंचिकांनाही मिशनरी म्हणून पाठवता येतं, असं स्पष्टच सांगतं. व्रतं घ्यावी लागत नाहीत, लग्न करता येतं, मुदत संपली की परतता येतं. मात्र म्हातारपणी सांभाळणारा धर्मसंघ पाठीशी नसतो, हे आधीच ध्यानात घ्यायला हवं.

पहिली वाट थोड्या मुदतीची. फ्रान्समधल्या इमॅन्युएल या कॅथलिक समुदायाने १९८१मध्ये सुरू केलेली फिदेस्को ही संस्था साधारण एक ते दोन वर्षांसाठी स्वयंसेवक पाठवते. एकटी माणसं जातात, जोडपी जातात, मुलाबाळांसह कुटुंबंही जातात. नर्स, शिक्षक, हिशेबनीस, इंजिनिअर असा ज्याचा जो पेशा, त्याला धरून काम मिळतं. नोकरीत मोठी रजा मिळू शकत असेल, आईवडील थकत चालले असतील, किंवा हे आपल्याला झेपेल का याचीच खात्री नसेल, तर ही वाट बरी. अडचण भाषेची आहे. पहिले कित्येक महिने रोजचं बोलणं समजण्यातच जातात. लोक हसून बोलतात, पण घरातलं दुखणं, कर्ज, भांडण परक्यासमोर लगेच कोण उघड करणार? वर्षाच्या शेवटी कुठे ती कवाडं किलकिली होतात आणि इकडे निघायची तारीख येऊन ठेपते.

दुसरी वाट लांब मुदतीची. अमेरिकेतल्या मेरीनॉल ले मिशनर्स या प्रापंचिक मिशनऱ्यांच्या संस्थेची पहिली मुदत साडेतीन वर्षांची असते आणि ती पुढे वाढवता येते. आधी प्रशिक्षण होतं, मग त्या देशात राहून भाषा शिकायची आणि त्यानंतर काम. बोलिव्हिया, कंबोडिया, केनिया, टांझानिया अशा देशांत त्यांची माणसं राहिली आहेत. इथेही कुटुंबांना जागा आहे. माझं झुकतं माप या वाटेला आहे आणि त्याचं कारण स्वयंसेवकाच्या सोयीचं नाही. दर वर्षी नवा चेहरा आला की वस्तीतल्या लोकांना पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागतं, पुन्हा जीव लावावा लागतो आणि पुन्हा निरोप द्यावा लागतो. तो भार आपण गरिबांवर टाकतो.

मेक्सिकोत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना इव्हान इलिच या धर्मगुरूने १९६८मध्ये तोंडावर सुनावलं होतं, की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मला हे टोकाचं वाटतं. तरीही जायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाने त्या बोलण्याची धग एकदा सोसावी. जे काम स्थानिक माणूस करू शकतो, ते करायला आपण विमानाने जात असू, तर त्याची रोजी आपण हिरावत असतो.

तिसरी वाट स्वतंत्रपणे जाण्याची. इटलीच्या आनालेना तोनेल्ली कायद्याच्या पदवीधर होत्या. १९६९मध्ये त्या केनियाला गेल्या, वजीरच्या वाळवंटी भागात सोमाली भटक्यांमध्ये राहिल्या आणि क्षयरोग्यांची सेवा करत करतच ते काम शिकल्या. भटका रुग्ण बरं वाटू लागलं की गुरांमागे निघून जाई आणि औषध अर्धवट राही. त्यावर त्यांनी काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे. रुग्णांनी आपल्या नेहमीच्या झोपड्या उपचारकेंद्राजवळच उभारायच्या, सहा महिने तिथेच राहायचं आणि रोजची गोळी डोळ्यांदेखत घ्यायची. लोकांना दवाखान्याच्या शिस्तीत कोंबण्याऐवजी दवाखानाच त्यांच्या राहणीत बसवला. मुस्लिम समाजात त्या धर्मांतराचा शब्दही न काढता राहिल्या. २००३मध्ये निर्वासितांसाठीचा नानसेन पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्याच वर्षी सोमालीलँडमधल्या बोरामा इथे त्यांची हत्या झाली.

हे वाचून ऊर भरून येतो, पण पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी ही वाट सुचवणार नाही. संस्था नसली की व्हिसा, आजारपण, अचानक देश सोडायची वेळ, सगळं अंगावर येतं. थकवा आला तर 'आता थांब' म्हणणारंही कोणी नसतं.

अर्थात संस्था म्हणजे अभय नव्हे. जीन डोनोव्हन ही प्रापंचिक तरुणी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड धर्मप्रांताच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) पथकातून एल साल्वादोरला गेली होती. २ डिसेंबर १९८० रोजी तीन सिस्टरांसह सैनिकांनी तिला ठार केलं. घरच्यांशी धोक्याबद्दल बोलणं टाळून निघणं मला पटत नाही.

पैशांचं थोडक्यात. संस्था सहसा राहणं, विमा आणि हातखर्चापुरतं मानधन देते, पगार नाही. काही ठिकाणी देणगीदार आपल्यालाच शोधावे लागतात. लांब मुदतीत निवृत्तीसाठीच्या बचतीत खंड पडतो, मुलांची शाळा बदलते, परतल्यावर नोकरी नव्याने शोधावी लागते. थोड्या मुदतीत ही झळ कमी. डोक्यावर कर्ज असेल तर आधी ते फेडावं.

अर्ज भरण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात. हे काम मागितलं कोणी, तिथल्या लोकांनी की आपल्या कार्यालयाने? आपण परतल्यावर ते कोण चालवणार? आणि मुदत अर्धवट सोडून परतलेल्या एखाद्या माणसाशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला संस्थेने टाळाटाळ केली, तर दुसरी संस्था पाहावी.