सर्जिकल रोबोट हलवायला ग्लोव्ह घालायचा की कॅमेऱ्यावर भागवायचं?

सर्जिकल रोबोटवर प्रोजेक्ट करणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न, हाताची हालचाल टिपायला सेन्सरवाला ग्लोव्ह घेऊ की टेबलावर ठेवायचा हँड ट्रॅकिंग कॅमेरा. मी दोन्ही वापरलेत, लॅबमधल्या छोट्या रोबोट आर्मकडून सिलिकॉनच्या पॅडवर टाके घालून घेत होतो, तेवढ्यावरूनच बोलतोय.

पहिल्या दिवशी कॅमेराच भारी वाटतो. यूएसबी लावा, वर हात धरा, सुरू. ग्लोव्ह म्हणजे घाला, मूठ वळा, पंजा उघडा, हाताच्या मापाला कॅलिब्रेट करा आणि दुसऱ्याने घातला की परत पहिल्यापासून, त्यात घाम.

पण टाक्याची सुई वाकडी असते ना, ती सरळ ढकलत नाहीत, मनगट फिरवून तिच्या गोलाईनेच बाहेर काढतात. आणि नेमकं मनगट फिरलं की अंगठा आणि तर्जनी पंजाआड जातात, खालच्या कॅमेऱ्याला चिमूट दिसतच नाही, मग तो अंदाज बांधतो, अंदाज चुकला की रोबोटचा सुई धरणारा चिमटा (ग्रिपर) उघडतो आणि सुई अर्ध्या टाक्यात लटकते. किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण एका दुपारी मी पॅड उचलून ठेवला आणि चहाला गेलो. बाजूने दुसरा कॅमेरा लावून पाहिला, त्रास कमी झाला, गेला नाही.

ग्लोव्हचे सेन्सर बोटांवरच, त्यामुळे हात कसाही वळवा, चिमूट हरवत नाही. त्याचं दुखणं वेगळं. लोखंडी टेबलाजवळ त्यातला दिशा ओळखणारा चुंबकीय सेन्सर (मॅग्नेटोमीटर) भरकटतो, आणि हात हवेत नेमका कुठे आहे हे हालचाल आणि वळण मोजणाऱ्या आयएमयू सेन्सरवरून धड कळत नाही, त्यासाठी वेगळा ट्रॅकर लागतो, म्हणजे खर्च वाढला. तरी मला हा ड्रिफ्ट (भरकटणं) परवडला, कारण तो हळूहळू येतो, रोबोटचं मनगट तिरकं दिसायला लागलं की थांबून शून्य करता येतं. सुई सुटते ती मात्र न सांगता.

क्लच पेडल दोन्हीला हवंच, दा विंची या ऑपरेशनच्या रोबोटलाही असतं, दाबलं की रोबोट जागच्या जागी आणि हात मोकळा. तिथे निदान कोपर टेकायला आर्मरेस्ट असतो, आपल्याकडे दोन्हीत हात अधांतरी, खांदा भरून येतो.

नुसता पाहुण्यांना डेमो द्यायचा असेल तर कॅमेरा घ्या, खरंच छान दिसतो. टाके, गाठी असलं काही असेल तर मी तरी ग्लोव्हच घेईन, आत पातळ सुती हातमोजा घालून. कॅलिब्रेशन मात्र तो घातल्यावर करा, मी आधी करून बसलो होतो.